काळी दोनच्या खाली

कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो कीबोर्डवाला, डाव्या हातानं. उजव्या हातात बासरीचे, व्हायोलिनचे तुकडे आणि डाव्या हातात खालच्या सप्तकातला एकेक स्वर. लग्न, यात्रा, गणपती, पतसंस्थेचा वर्धापनदिन, सगळीकडं वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. त्यामागचा हिशेब सरळ आहे. सुपारी ठरलेली असते आणि पाकीट जितक्या कमी जणांत वाटलं जाईल तितकं बरं. चार तारांचं वाद्य घेऊन मागं उभा राहणारा माणूस त्या हिशेबात कधी बसलाच नाही. गिटारवाल्याला मात्र जागा होती, कारण 'यादों की बारात'मधल्या त्या गाण्याची सुरुवात कीबोर्डवर वाजवली तर पहिल्या रांगेतला माणूससुद्धा तोंड वाकडं करतो. 1973 साली भूपिंदर सिंग यांनी ती गिटारवर वाजवली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक गिटारवाला पोटापाण्याला लागला. मीही त्यातलाच एक.

बेस हातात आला तो पबमुळं. शहरात रेस्टोबार वाढले, शनिवारी रात्री गाणी हवीत अशी मागणी यायला लागली, आणि तिथली जागा म्हणजे दोन टेबलं सरकवून मोकळी केलेला कोपरा. तिथं अकरा माणसांचा ऑर्केस्ट्रा मावत नाही. चौघं मावतात. गायक, गिटार, ड्रम आणि चौथा कोण, हा प्रश्न. आमच्यात कीबोर्ड वाजवणारा कुणी नव्हता, मग खालची बाजू मी धरली. अजूनही एका कार्यक्रमात अर्धी गाणी गिटार आणि अर्धी बेस असं चालतं. आमचा गायक स्वतः गिटार धरतो तेव्हा मी बेसवर, आणि तो फक्त गातो तेव्हा ड्रमवाल्याच्या शेजारी ठेवलेल्या लॅपटॉपवर बेसचा ट्रॅक. तो ट्रॅक मला मनापासून आवडत नाही. गायकाला एखादं कडवं पुन्हा म्हणायची लहर आली, तर ट्रॅक थांबत नाही.

बेसवाल्याविना काम भागवायची धडपड काही फक्त आमच्या गावची नाही. जपानच्या रोलँड कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 नावाची चपटी पेटी काढली, तीच मुळी बेसवादक नसलेल्यांसाठी. ती फारशी खपली नाही. पण मुंबईत चरणजित सिंग नावाच्या माणसानं ती घेतली. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बेस आणि गिटार वाजवण्यात ज्याची हयात गेली, त्यानं 1982 मध्ये ही पेटी वापरून दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा कुणी तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. पुढं वीसेक वर्षांनी युरोपातल्या लोकांना ती सापडली आणि नाचाच्या संगीताचा इतिहास सांगणारे चक्रावून गेले, कारण त्यांच्या मते तो आवाज शिकागोत 1987 च्या सुमारास जन्मला होता. माझ्या लेखी त्यात विशेष हे, की त्या यंत्राला रागात बसवायला शेवटी एक बेस वाजवणाराच लागला.

आता मूळ अडचणीकडं येतो, गायकाच्या पट्टीकडं. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर म्हणजे ई, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन, सेकंदाला साधारण 41 कंपनं. कोल्हापुरातला गायक 'ई मायनर' म्हणत नाही. तो म्हणतो, "काळी एकमध्ये धर," नाहीतर "काळी दोन." बायका काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये गातात. गिटारवाल्याला याचं काही वाटत नाही. पहिल्या पट्टीवर कॅपो लावायचा, डीचा आकार धरायचा, झाली काळी दोन. बेसवर मात्र काळी दोनचा खालचा 'सा' जाड तारेच्या नेमका अर्ध्या सुरानं खाली पडतो. म्हणजे तो वाद्यात नाहीच. एकतर वरच्या सप्तकातला घ्यायचा, नाहीतर तार सैल करायची. तार सैल केली की ती फ्रेटवर थडथडते आणि पुढचं गाणं काळी एकमध्ये निघालं की सगळी बोटं सरकतात.

म्हणून पाच तारांचा बेस घेतला. पाचवी तार बी, पांढरी सात, 31 कंपनं. तिच्या चौथ्या फ्रेटवर काळी दोनचा 'सा' सापडतो, 39 च्या आसपास. पाश्चात्त्य संगीतात पाचवी तार कशासाठी लागते यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. कोल्हापुरात ती लागते ती गायकाच्या पट्टीसाठी, दुसरं काही कारण नाही.

आणि गंमत अशी, की तो 39 कंपनांचा सूर पबमधल्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. भिंतीला टांगलेल्या आठ-दहा इंची स्पीकरचा जोर साठ-सत्तरच्या खाली ओसरलेला असतो. तरीही ऐकणाऱ्याला तो सूर ऐकू येतो. कारण प्रत्येक तारेतून मूळ सुरासोबत त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही निघतात. कान त्या वरच्या सुरांवरून खालचा मूळ सूर स्वतः भरून काढतो. हे कळल्यापासून मी बेसचा टोन जाड ठेवणं सोडलं. खालचा नॉब वाढवून छोट्या खोलीत नुसता गोंगाट होतो. मधला भाग, सातशे-आठशेच्या आसपासचा, थोडा पुढं आणला की सूर स्पष्ट होतो आणि खालचा भाग लोकांचे कान आपापले पुरे करतात. साउंडवाल्याला हे पटवायला मात्र दर ठिकाणी वेळ जातो. बेस म्हटलं की त्याचा हात आधी खालच्या नॉबवर जातो.

या सगळ्याहून मोठं शिक्षण मला ढोलकीनं दिलं.

पबमध्ये कितीही इंग्रजी गाणी बसवून जा, साडेनऊच्या पुढं कोल्हापूर आपली मागणी कळवतंच. 'सैराट' आल्यापासून त्यातल्या एका गाण्याशिवाय रात्र संपत नाही. आणि त्याच्या मागोमाग हमखास लावणी. कागदी नॅपकिनवर लिहिलेली चिठ्ठी येते किंवा कुणीतरी टेबलावरूनच ओरडतो, "भावा, एक लावणी होऊन जाऊ दे की!" ड्रमसेटवर लावणी वाजते, पण नाचावंसं वाटत नाही. म्हणून मोठ्या कार्यक्रमांना आम्ही तमाशाच्या बाऱ्या आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही पाहिलेल्या एका ढोलकीवाल्यांना बोलवायला लागलो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. वय साठीच्या पुढं, बोटांना चिकटपट्टी, कार्यक्रमाआधी एक कप चहा आणि एक शब्द जास्त नाही.

पहिल्याच तालमीत लावणी निघाली. मी रेकॉर्डवर असतो तसा भरघोस बेस धरला, समेपासून समेपर्यंत सलग. दोन आवर्तनं झाली आणि मामांनी हात थांबवले.

"तू तितं बसलास तर मी कुटं बसू रं?"

एवढंच बोलले. मग डावा हात धुमवर ठेवून त्यांनी मला एकट्याला वाजवून दाखवलं. ढोलकीची शाईची बाजू गायकाच्या पट्टीला लावलेली असते, ती टणत्कार काढते. डावीकडची धुम खालचा आवाज देते, आणि हाताच्या तळव्यानं कातडं दाबत नेलं की तो आवाज खालून वर किंवा वरून खाली घसरत जातो. लावणीतली सगळी लाडीगोडी त्या घसरण्यात आहे. नाचणारीचं पाऊल त्याच्यावर पडतं. हा धुमचा जोर शंभर कंपनांच्या आगेमागे असतो, म्हणजे बेसच्या मधल्या तारांच्या अगदी घरात. दोघं एकदम वाजलो की घसरण ऐकूच येत नाही. सगळ्याचा मिळून एक गुरगुराट होतो.

त्या दिवशी संध्याकाळी दोन तास आम्ही दोघंच बसलो. मामांनी ठेका धरला आणि मी एकेक स्वर कमी करत गेलो. शेवटी उरलं ते असं: समेवर तळव्यानं दाबलेला आखूड 'सा', लगेच गप्प. धुमची घसरण पूर्ण होऊ द्यायची. ती संपली की तिच्या मागच्या मोकळ्या मात्रेवर पंचम, तोही छोटा. मग पुन्हा गप्प. वाचायला हे फारच थोडं वाटतं, पण हाताला ते अतिशय अवघड जातं, कारण गप्प राहण्याच्या वेळी डाव्या हाताची बोटं पाचही तारांवर हलकेच टेकवून ठेवावी लागतात. नाहीतर ढोलकीच्या दणक्यानं त्या तारा आपोआप गुणगुणायला लागतात. मामा मधेच मान डोलवत, म्हणजे तो स्वर राहू दे. मान हलली नाही, म्हणजे काढून टाक. तालमीच्या शेवटी ते उठले, ढोलकी गवसणीत घातली आणि म्हणाले, "आता बरं झालं. ऐकू येतंय मला." माझ्या मते यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्रक बेसवाल्याला मिळत नसावं.

हे शिकल्यावर बाकीची गाणीही बदलली. ड्रमच्या मोठ्या किकसोबत नेमकं एकाच क्षणी पडणं हे बेसवाल्याचं काम असं इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं, आणि ते खरंच आहे. पण आमच्या भागात माणसाचे कान हलगी-घुमक्यावर वाढलेत. खासबागच्या कुस्त्यांपासून ते गल्लीतल्या वरातीपर्यंत, हलगी वर कडाडते आणि घुमकं खालून तिला उत्तर देतं, दोघं एकमेकांवर पडत नाहीत. इथल्या श्रोत्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याच्या पायाला ते पक्कं ठाऊक असतं. आता एखादं रॉकचं गाणं बसवतानासुद्धा मी आधी पाहतो की खाली आधीपासून कोण बसलंय.

साहित्याबद्दल मला विचारणारी मुलं बहुतेक वेळा बेस कुठल्या कंपनीचा, एवढंच विचारतात. लिओ फेंडरनं 1951 मध्ये पहिला गाजलेला इलेक्ट्रिक बेस काढला आणि तारेची 34 इंच लांबी तेव्हा ठरली ती आजतागायत चाललीय. त्या आराखड्यावरची स्वस्त वाद्यंसुद्धा आता चांगली असतात. माझ्या आवाजात सगळ्यात मोठा फरक पडला तो मिरजेत. तारा डोक्याकडच्या ज्या पट्टीवरून जातात तिला नट म्हणतात. माझ्या बेसची ती पट्टी प्लॅस्टिकची होती आणि तिच्या खाचा वेड्यावाकड्या झिजल्या होत्या. कोल्हापुरापासून पन्नासेक किलोमीटरवर सतारमेकर गल्ली असताना पुण्या-मुंबईला कशाला जायचं, म्हणून तिथल्या एका कारागिराकडं गेलो. हे मूळचे शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तंतुवाद्यं करायला घेतली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या कारागिरांनी बेस कधी हातात घेतला नव्हता. वाद्य मांडीवर आडवं ठेवलं, एकेक तार छेडून कान लाकडाला लावला, आणि म्हणाले, "ही जवारी नको ना तुम्हाला? स्वच्छ पाहिजे ना?" सतारीच्या घोडीवर जो झणकार मुद्दाम घासून आणतात, तोच इथं घालवायचा होता. हाडाची पट्टी कापून त्यांनी पाच खाचा केल्या, प्रत्येक खाच तारेच्या जाडीला बेतलेली आणि डोक्याच्या बाजूला किंचित उतरती. मोकळी तार आणि दाबलेली तार यांच्या आवाजातला फरक त्या दिवशी संपला. काळ्या पट्ट्यांमध्ये मोकळी तार क्वचितच मिळते, पण मिळते तेव्हा ती उठून दिसता कामा नये, आणि आता दिसत नाही.

दुसरी गरज विजेची. लॉनवरचा कार्यक्रम असला की वीज जनरेटरची, नाहीतर शेजारच्या खांबावरून ओढलेली. अर्थिंग नसलं तर स्पीकरमधून सतत एक सूर येत राहतो. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि पांढरी पाचचा सगळ्यात खालचा सूर 49 चा. बाई पांढरी पाचमध्ये गात असतील तर हा हम त्यांच्या 'सा'ला एक बारीक बेसुरी चिकटपट्टी लावतो. पण बेसुरेपणा परवडला. खरी भीती वेगळी. हात तारांवर आणि ओठ माइकला, दोन्हीच्या मध्ये वीज आली तर माणूस जातो. 1972 मध्ये वेल्समध्ये स्वान्सीला लेस हार्वी नावाचा गिटारवादक भर कार्यक्रमात असाच गेला. आमच्याकडं एका लॉनवर गायकाला ओठाला चांगलाच झटका बसला होता, आणि मालक म्हणाले, "एवढंसं तर होतंच." तेव्हापासून माझ्या बॅगेत टेस्टर आणि मल्टिमीटर असतात, आणि माइकची जाळी व माझ्या तारा यांच्यात व्होल्टेज दाखवलं तर आम्ही वाजवत नाही. यावर माझी कुणाशीही तडजोड नाही. नव्या मुलांनी पेडल घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्यावा.

बाकी बॅगेत काय, तर बेस थेट मिक्सरला जोडायचा डीआय बॉक्स, दोन जादा वायरी, नऊ व्होल्टचे सेल आणि तारांचा जादा संच. अँप्लिफायर मी आता घरीच ठेवतो. जाड तारा महाग असल्यानं जुन्या तारा पाण्यात उकळून, पुसून, वाळवून पुन्हा लावतो. आमच्या पावसात आठवडाभरात त्या मंद होतात आणि उकळल्या की बोटांचा चिकटा निघून पुन्हा काही दिवस वाजतात. हे जगभरचे बेसवाले करतात.

हिवाळ्यात वाजवायला गोव्याला जातो, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत. तिथल्या वयस्कर वादकांजवळ बसणं हे माझ्यासाठी पैशांपेक्षा मोठं आहे. चर्चच्या शाळांत लहानपणी स्वरलिपी वाचायला शिकलेली ही माणसं. मुंबईच्या चित्रपटसंगीताला ज्यांनी उभं केलं ते अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा याच मातीतले. कागद समोर ठेवला की सराव न करता वाजवतात. आमच्याकडं सगळं कानावर. दोन्ही पद्धती एका माणसाच्या अंगी असाव्यात असं मला फार वाटतं, म्हणून मी उशिरा का होईना, नोटेशन वाचायला शिकतोय.

विजेसारखीच आम्हाला पाण्याचीही धास्ती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमची तालमीची खोली पाण्याखाली गेली. वाद्यं आधीच वरच्या मजल्यावर नेली होती, स्पीकरची खोकी मात्र फुगून गेली. 2021 मध्ये पुन्हा तेच. आता खोली उंचावर घेतलीय.

राहिला आवाजाचा प्रश्न, आणि त्याबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. गणपतीत मिरजकर तिकटीवरून महाद्वार रोडकडं मिरवणूक जाते तेव्हा डॉल्बीच्या भिंती लागतात. त्या अरुंद रस्त्यात खिडक्यांची तावदानं हलतात, छातीत धडधडतं. मंडळातली पोरं माझीच आहेत, त्यांचा उत्साहही मला कळतो. पण खालच्या आवाजाचा तो उपयोग नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद केले, वर्षात पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देता येते. घड्याळाचा हा नियम मिरवणुकीत पाळला जातो, पण दहाच्या आधी काय चालतं याकडं कुणी बघत नाही. शंभर डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहायची मुदत पंधरा मिनिटांची मानली जाते. आमच्या छोट्या पबमध्येही ड्रमजवळ आवाज तो आकडा सहज ओलांडतो, म्हणून आम्ही चौघंही कानात प्लग घालतो आणि ड्रमवाल्यानं जाड काठ्या सोडून हलक्या घेतल्यात. मामा प्लग घालत नाहीत. ते म्हणतात, धुम ऐकू आली नाही तर हात कशाला हलवू. म्हणून मग आम्हीच आवाज खाली आणला. त्यानंतर लोक टेबलावर एकमेकांशी बोलू लागले आणि त्यातले काही बोलणं थांबवून ऐकूही लागले.

या गावात बसून ऐकायच्या जागा कमी आहेत. पब आहेत, लॉन आहेत, मैदानं आहेत. शाहू महाराजांनी बांधवलेलं आणि 1915 मध्ये उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, तिथं मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलीय. त्या लाकडी रंगमंचावर पायाखालून सूर कळायचा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत गेलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. ते पुन्हा उभं राहताना माझं मागणं फार नाही. रंगमंचाला स्वतंत्र आणि तपासलेलं अर्थिंग असावं, आणि फळी लाकडाचीच असावी. शिवाय शहरात दीड-दोनशे खुर्च्यांची एखादी खोली व्हावी, जिथं ढोलकी माइकशिवाय वाजली तरी शेवटच्या रांगेला धुम ऐकू जाईल. तशी खोली मिळाली तर पहिली सुपारी आम्ही बिनपाकिटाची घेऊ, हे मामांशी बोलून ठरलंय. त्यांनी पट्टीही सांगून ठेवलीय, काळी दोन.